एका पदराचे चुंबक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



 अशा प्रसंगी संस्थापकांचे स्मरण करावे, देणगीदारांचे ऋण मानावे आणि पुढील पन्नास वर्षांसाठी शुभ चिंतावे अशी रीत आहे. ते काम अध्यक्षमहाराजांनी आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने केलेलेच आहे. चिटणीसांनी आमच्याकडे निराळे काम सोपविले. पदार्थविज्ञानात अलीकडे जे नवे चालले आहे, त्यातले काहीतरी घरच्या मंडळींना कळेल अशा भाषेत सांगावे, असा त्यांचा आग्रह. नव्याचा पसारा फार मोठा. म्हणून आम्ही एकच गोष्ट निवडली आहे. ती लोहचुंबकाची आहे. ती का निवडली, हे शेवटी सांगू. कारण तिचा आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीशी संबंध पोहोचतो.

लोहचुंबक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मुले त्याने टाचण्या उचलतात, शिंप्याच्या दुकानात हरवलेली सुई त्यानेच सापडते. पण लोखंडाचा तुकडा चुंबक का होतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकापर्यंत कोणालाच देता आले नव्हते. पदार्थातील प्रत्येक अणूत इलेक्ट्रॉन असतात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या ठिकाणी एक अंगभूत गुण असतो. त्याला शास्त्रज्ञ 'स्पिन' म्हणतात. त्या गुणामुळे इलेक्ट्रॉन म्हणजे जणू एक अतिसूक्ष्म होकायंत्राची सुई बनतो. बहुतेक पदार्थांत या सुया एकमेकींचा प्रभाव पुसून टाकतात, किंवा वाटेल त्या दिशांना तोंडे करून उभ्या असतात. लोखंडात मात्र शेजारची सुई जिकडे तोंड करील तिकडेच आपणही करावे, अशी प्रत्येकीची प्रवृत्ती असते. ही प्रवृत्ती कोठून येते, याचा उलगडा १९२८ साली हायझेनबर्ग यांनी पुंजयामिकीच्या नियमांवरून केला.

या एकोप्याचा शत्रू म्हणजे उष्णता. उष्णतेने प्रत्येक सुई थरथरत असते. थरथर वाढता वाढता एका मर्यादेला एकोपा मोडतो आणि चुंबकत्व नाहीसे होते. लोखंडाची ही मर्यादा ७७० अंश सेल्सियस आहे. म्हणून लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या, त्याहून अधिक तापलेल्या लालबुंद लोखंडाला चुंबक ओढीत नाही, निवल्यावर पुन्हा ओढतो. म्हणजे शेजाऱ्याचा आग्रह आणि उष्णतेची चळवळ या दोघांच्या झगड्यात जो जिंकेल, त्यावर पदार्थ चुंबक होतो की नाही हे ठरते.

आता आमच्या गोष्टीतील खरा प्रश्न येतो. सुया एकाच रांगेत मांडल्या तर काय होईल? आणि रांगेऐवजी एकाच पातळ पदरात, चटईसारख्या मांडल्या तर?

पहिला प्रश्न जर्मनीतील विल्हेल्म लेंझ या प्राध्यापकांनी आपल्या एर्न्स्ट ईझिंग या विद्यार्थ्यापुढे टाकला. त्यांनी सोय म्हणून असे धरले होते की, प्रत्येक सुई फक्त वर किंवा खाली इतकेच तोंड करू शकते. ईझिंग यांनी गणित केले आणि १९२५ साली ते प्रसिद्ध झाले. उत्तर असे की, एकेरी रांगेत चुंबकत्व टिकत नाही. कारण समजायला अवघड नाही. मुले कानगोष्टींचा खेळ खेळतात. रांगेतल्या एकाने चुकीचे ऐकले की त्याच्यापुढचे सगळे चुकीचेच सांगत जातात, मागचा निरोप दुरुस्त करून देणारा दुसरा कोणी नसतो. ईझिंग यांना वाटले की, चटईतही असेच होईल. ते मात्र खरे ठरले नाही. चटईतल्या प्रत्येक सुईला चार बाजूंनी चार शेजारी असतात. एक चुकला तर उरलेले तिघे सावरून घेतात. १९३६ साली पायर्ल्स यांनी हे युक्तिवादाने दाखविले आणि १९४४ साली ऑन्सागर यांनी अचूक गणित करून त्यावर शिक्कामोर्तब केले.

या ईझिंग यांच्याविषयी थोडे सांगितल्याविना पुढे जाववत नाही. प्रबंधानंतर ते संशोधनापासून दूर झाले आणि शिक्षकी पेशात शिरले. ते ज्यू होते. १९३३ नंतर हिटलरच्या राज्यात त्यांची सरकारी शाळेतली नोकरी गेली. मग ज्यू मुलांच्या एका निवासी शाळेत त्यांनी शिकविले. १९३९ साली ते लक्झेंबर्गला गेले, तेथेही जर्मन फौजा आल्या आणि त्यांना सक्तीच्या मजुरीवर जावे लागले. १९४७ साली ते अमेरिकेस पोहोचले आणि पुढे एका लहान शहरातील विद्यापीठात त्यांनी निवृत्तीपर्यंत अध्यापन केले. आपल्या तरुणपणीच्या त्या गणिताला जगात आपले नाव पडले आहे, हे त्यांना १९४९ च्या सुमारास कळले! आज ते गणित केवळ चुंबकापुरते राहिलेले नाही. वायूचे द्रवात रूपांतर होणे, मिश्रधातूंची घडण, मेंदूतील पेशींचे जाळे अशा नाना विषयांत ते वापरतात. ईझिंग १९९८ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारले.

पण खऱ्या सुया केवळ वर-खाली तोंड करीत नाहीत. त्या कोणत्याही दिशेला वळू शकतात. तसे असेल तर पातळ पदरात काय होईल? १९६६ साली डेव्हिड मर्मिन आणि हर्बर्ट वॅग्नर या दोघांनी याचे कठोर उत्तर दिले. सुयांना सर्व दिशा सारख्याच असतील आणि प्रत्येक सुईचा आग्रह जवळच्या शेजाऱ्यांपुरताच असेल, तर एका पदरात निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला चुंबकत्व टिकणार नाही, असे त्यांनी सिद्ध केले.

हे कसे, ते आपल्या पंगतीवरून कळेल. लांबलचक पंगतीत प्रत्येक पान शेजारच्या पानाशी जुळवून मांडले आहे; फरक पडला तर अर्ध्या बोटाचा. वाढप्याला त्यात काही वावगे दिसत नाही. परंतु शंभर पाने मांडून झाल्यावर पाहावे, तो पंगत पार वळून भिंतीला लागलेली असते. कोणीही मोठी चूक केली नाही, तरी सरळपणा गेला. पातळ पदरातील सुयांचे तसेच आहे. शेजारणीपासून यत्किंचित कलण्याला जवळजवळ काहीच ऊर्जा लागत नाही, आणि असे बारीक कल साठत जाऊन दूरवरची दिशाच हरवते. जाड तुकड्यात वरून, खालून आणि चारही बाजूंनी शेजारी धरून ठेवतात म्हणून तेथे हे घडत नाही.

या सिद्धान्तामुळे, एका पदराचे चुंबक शोधण्यात अर्थ नाही, असे पुष्कळांना वाटू लागले. मंडळी, येथेच लक्ष द्यावयाचे आहे. सिद्धान्त खोटा नव्हता, आजही नाही. पण त्याच्या आरंभी एक अट होती: सर्व दिशा सारख्याच असतील तर. आणि स्फटिकात सर्व दिशा सारख्या असतातच असे नाही. ही गोष्ट आपल्या देशात पूर्वीच बारकाईने मोजली गेलेली होती. रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी १९३० नंतरच्या दशकात ढाक्याला आणि पुढे कलकत्त्याला अनेक स्फटिक घेऊन, चुंबकाजवळ ते निरनिराळ्या दिशांनी कसकसे निराळे वागतात, याची अतिशय नाजूक मोजमापे केली. त्यांत शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइटही होते. पुढे १९४७ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले ते हेच.

स्फटिकाची घडणच अशी असेल की, सुईला पदराशी काटकोनात उभे राहणे सोयीचे आणि आडवे पडणे गैरसोयीचे, तर बारीक कल फुकट राहत नाही. प्रत्येक कलाची किंमत मोजावी लागते. पंगतीच्या बाजूला जमिनीवर चुन्याची रेघ मारून ठेवावी, तसे हे झाले. मग पंगत वळत नाही. सिद्धान्ताने दार बंद केले होते खरे, पण किल्ली दारालाच टांगलेली होती. ती अट वाचणाऱ्याच्या हाती लागावयाची होती.

आता असा पदर आणावयाचा कोठून? येथे स्वयंपाकघरातील चिरोटा आठवावा. पदर एकमेकांवर बसलेले, प्रत्येक पदर आतून घट्ट, पण दोन पदरांची पकड सैल. बोटाने उकलावे तर सुटून येतात. निसर्गातही असे पदार्थ आहेत. अभ्रकाचे पापुद्रे आपण नखाने सोडविले असतील. ग्रॅफाइट याच जातीचे. पेन्सिलीने कागदावर रेघ उमटते ती पदर सुटतात म्हणूनच. २००४ साली मँचेस्टर येथे आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी दुकानात मिळणारी साधी चिकटपट्टी ग्रॅफाइटवर लावून ओढली, पुन्हा लावली, पुन्हा ओढली, आणि अखेर केवळ एका अणूच्या जाडीचा पदर वेगळा केला. त्याला ग्राफीन म्हणतात. या कामाबद्दल त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफीन स्वतः लोखंडासारखे चुंबक नाही; पण पदर सोडविण्याची रीत हाती आली.

चुंबकीय असे पदरी स्फटिकही रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होते. त्यांतील एक म्हणजे क्रोमियम आणि आयोडीन यांचे संयुग, क्रोमियम ट्राय-आयोडाइड. २०१७ साली अमेरिकेतील सिएटल व केंब्रिज येथील संशोधकांनी त्याचा एकच पदर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही पातळ पापुद्रा, सोडविला आणि तो चुंबक असल्याचे दाखविले. त्याच वर्षी बर्कलीच्या मंडळींनी क्रोमियम, जर्मेनियम व टेल्युरियम यांच्या स्फटिकाच्या दोन पदरांत चुंबकत्व पाहिले.

इतक्या पातळ वस्तूचे चुंबकत्व मोजावे कसे? टाचणी तर ती उचलणार नाही! त्यासाठी एक जुना शोध कामी आला. ग्लासगो येथील अध्यापक विद्यालयात शिकविणारे जॉन केर यांनी १८७७ च्या सुमारास असे पाहिले होते की, चुंबकाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते. पापुद्र्यावर प्रकाश टाकून ते किंचित वळणे मोजले, आणि १४० वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणाने नव्या चुंबकाची साक्ष दिली. या पापुद्र्याचे चुंबकत्व उणे २२८ अंश सेल्सियसपर्यंतच टिकते. त्याहून ऊब मिळाली की ते मोडते.

या प्रयोगात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. एक पदर चुंबक. दोन पदर एकावर एक असले की एकाचे तोंड वर, दुसऱ्याचे खाली, आणि बेरीज शून्य. तीन पदर घेतले की पुन्हा चुंबक. जाड स्फटिकात तर सर्व पदर एकाच दिशेला तोंड करतात. मग दोन पदरांचेच भांडण का? वरचा पदर खालच्या पदरावर किंचित सरकून बसला की शेजाराचा स्वभाव बदलतो, असे त्याचे कारण निघाले. २०१९ साली दाब देऊन पदरांची बैठक बदलली, तेव्हा भांडणाऱ्या पदरांचा सलोखा झाल्याचे दिसून आले. त्यापूर्वी २०१८ मध्ये नुसता विजेचा दाब लावूनही दोन पदरांचा हा संबंध पालटता येतो हे दाखविले गेले होते.

येथवर सरळ उभ्या असलेल्या सुयांविषयी बोललो. आता चटईवरच्या नक्षीकडे वळू. आधुनिक संशोधनाचे खरे कुतूहल या नक्षीतच आहे.

सुया सगळ्या एका दिशेला असाव्यात हा हायझेनबर्ग यांचा आग्रह. पण १९५८ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनी, आणि १९६० साली जपानचे मोरिया यांनी, दुसराही एक आग्रह दाखविला. स्फटिकाच्या घडणीत विशिष्ट प्रकारची समतोलता नसेल, तर शेजारच्या सुईशी समांतर न राहता तिच्याशी थोड्या कोनात, तेही नेहमी एकाच हाताला वळून, उभे राहावे असे सुईला वाटते. समांतर राहा असे एक म्हणतो, वळत जा असे दुसरा म्हणतो. काटकोनात उभी राहा असे स्फटिक म्हणतो. या ओढाताणीतून एक सुरेख तडजोड निघते. चटईवर एक वर्तुळ कल्पावे. वर्तुळाच्या मध्यावरची सुई खाली तोंड करून आहे, काठावरच्या सगळ्या वर तोंड करून आहेत, आणि मधल्या सुया मध्यापासून काठापर्यंत थोड्या थोड्या वळत गेल्या आहेत. अशा घडीला 'स्किर्मिऑन' म्हणतात.

हे नाव इंग्लंडातील टोनी स्कर्म यांच्यावरून पडले. ते चुंबकाचा विचारच करीत नव्हते. अणुगर्भातील कण म्हणजे एखाद्या क्षेत्रात पडलेली न सुटणारी गाठ असावी, अशी कल्पना त्यांनी १९६१-६२ साली गणिताने मांडली. १९८९ साली सोव्हिएत संघातील बॉग्दानॉव्ह व याब्लोन्स्की यांनी गणिताने दाखविले की, अशाच जातीच्या गाठी चुंबकात पडू शकतात. त्या प्रत्यक्ष सापडल्या २००९ साली, म्यूनिकजवळच्या अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या साहाय्याने, मँगॅनीज सिलिसाइड नावाच्या स्फटिकात. पुढच्याच वर्षी जपानमधील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांचे चित्र टिपले. स्कर्म १९८७ सालीच निवर्तले होते. त्यांच्या समीकरणापासून म्यूनिकच्या प्रयोगापर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे गेली. म्हणजे आपल्या संस्थेचे आजचे वय.

गाठ न सुटणारी म्हणजे कशी? कमरेला पट्टा बांधताना त्याला एक पूर्ण पीळ पडला आणि बक्कल लागले, असे समजा. मग तो पीळ डावीकडे सरकविता येईल, उजवीकडे सरकविता येईल, लांबट करता येईल. पण बक्कल सोडल्याशिवाय काढता येणार नाही. स्किर्मिऑनचे तसेच आहे. सुया हळूहळू वळवून तो पुसता येत नाही. त्यासाठी एकदम मोठी ऊर्जा खर्चून घडी तोडावी लागते. म्हणून बारीकसारीक धक्क्यांनी तो नाहीसा होत नाही.

हीच नक्षी पातळ पदरी पदार्थांत मिळाली तर? लोह, जर्मेनियम व टेल्युरियम यांचा एक पदरी स्फटिक आहे. त्याचा एकच पदर उणे १४३ अंशांपर्यंत चुंबक राहतो, असे २०१८ साली दिसले. आणि त्याच वर्षी शांघाय येथील संशोधकांनी काही पदरांच्या तुकड्यात विजेच्या साहाय्याने जादा इलेक्ट्रॉन भरून ही मर्यादा खोलीच्या तापमानापर्यंत चढविली. २०२० साली या स्फटिकाच्या पापुद्र्यावर टंग्स्टन व टेल्युरियम यांच्या संयुगाचा दुसरा पापुद्रा ठेवला, आणि दोहोंच्या सांध्यात ती वळण्याची ओढ उत्पन्न होऊन स्किर्मिऑन उमटले. म्हणजे स्फटिकाने जन्मतः जे दिले नाही, ते योग्य शेजारी देऊन मिळविता आले. जाड धातूत असे करणे कठीण. चिरोट्याच्या पदरांत हवा तो पदर हव्या त्या पदरावर ठेवता येतो, हाच या पदार्थांचा मोठा गुण.

आणखी एक युक्ती सांगतो. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर किंचित तिरपे पडले की जाळीच्या बारीक घरांहून कितीतरी मोठी, लाटांसारखी नक्षी डोळ्यांना दिसते. तसेच क्रोमियम ट्राय-आयोडाइडचे पापुद्रे थोडे पीळ देऊन एकावर एक ठेवले, तर काही जागी पदरांचा सलोखा आणि काही जागी भांडण, अशी आलटून-पालटून नक्षी तयार होते. २०२१ साली ती प्रत्यक्ष पाहिली गेली. पाहण्याचे साधनही ऐकण्यासारखे आहे: हिऱ्यातील एक दोष. हिऱ्यात एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, तर त्या ठिकाणाचा स्पिन अत्यंत हळवे चुंबकमापक बनतो. सराफ ज्याला दोष म्हणून बाजूला काढील, त्याच जातीच्या खोडीने शास्त्रज्ञाला दृष्टी दिली.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्या मनात केव्हाच उभा राहिला असेल, आणि तो रास्त आहे. आपली छायाचित्रे, बँकांचे हिशेब, दवाखान्यांची कागदपत्रे साठविणाऱ्या यंत्रांत आजही पुष्कळशी माहिती चुंबकाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी लिहिलेली असते. स्किर्मिऑनचा आकार लहान, तो सहजी पुसला जात नाही, आणि थोड्या विद्युत्प्रवाहानेही त्याला सरकविता येते. म्हणून एक गाठ म्हणजे एक अक्षर असे लेखन करता यावे, आणि त्याला वीज कमी लागावी, ही आशा आहे.

पण आशेला वस्तुस्थिती म्हणू नये. असे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही. क्रोमियम ट्राय-आयोडाइडचा पापुद्रा दमट हवेत बघता बघता नासतो. त्याला निष्क्रिय वायूच्या पेटीत जपावे लागते. चिकटपट्टीने निघणारे तुकडे धुळीच्या कणाएवढे; कारखान्याला मोठी चादर हवी. शिवाय प्रवाहाने ढकललेला स्किर्मिऑन सरळ जात नाही. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच बाजूला झुकावा, तसा तो बाजूला सरकतो आणि काठाला जाऊन आपटू शकतो. एका अडचणीवर मात्र मार्ग दिसू लागला आहे. २०२२ साली चीनमधील संशोधकांनी लोह, गॅलियम व टेल्युरियम यांच्या पदरी स्फटिकाचे चुंबकत्व खोलीच्या तापमानाहूनही वर टिकते असे दाखविले, आणि त्यातही स्किर्मिऑन आढळल्याचे त्यानंतर प्रसिद्ध झाले आहे.

हे सारे दूरदेशीचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध दूरचा नाही. आपल्याच इंदुरात, सुखनिवासच्या बाजूला, राजा रामण्णा केंद्रात 'इंडस-२' हे सुमारे १७२ मीटर परिघाचे कडे आहे. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळतात आणि देशभरचे संशोधक पदार्थांची आतली घडण तपासण्यासाठी तेथे येतात. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त संशोधन केंद्र आहे; द्रवरूप हेलियमच्या थंडीत चुंबकीय पदार्थांचा अभ्यास तेथे चालतो. आपल्या घरांतील मुले त्या दारांवरून रोज शाळा-महाविद्यालयांत जातात. आत जाणारी किती, हा प्रश्न आहे.

आता आरंभी दिलेले वचन पुरे करतो. आपल्या संस्थेने पन्नास वर्षांत कितीएक मुलामुलींना हात दिला. त्यांत वैद्यक, अभियांत्रिकी, हिशेबशास्त्र शिकणारे अधिक, आणि ते योग्यच. अर्जदाराला आपण विचारतो, 'शिक्षण पुरे झाल्यावर काय करणार?' ज्या घरात कमावता हात एकच आहे, तेथे हा प्रश्न निष्ठुर नसून काळजीचा आहे. ज्या बापाने कर्ज काढले, त्याला मुलाचा पगार केव्हा सुरू होईल हे पाहावेच लागते; त्याला विज्ञानप्रेमाचे प्रवचन देण्याचा अधिकार आम्हांला नाही.

परंतु घराला जे परवडत नाही, ते संस्थेला परवडावे, नाहीतर संस्था कशासाठी? वरील गोष्टीतील माणसे आठवावीत. केर शिक्षक, ईझिंग शिक्षक. स्कर्म यांना आपली गाठ चुंबकात पडेल हे ठाऊक नव्हते. मर्मिन आणि वॅग्नर यांनी तर 'हे होणार नाही' असेच सिद्ध केले. पण अट इतकी स्वच्छ लिहिली की पुढच्यांना वाट सापडली. यांतील कोणालाही, 'यातून काय मिळणार?' या रकान्यात खरे उत्तर लिहिता आले नसते.

म्हणून विश्वस्त मंडळींस आमची विनंती अशी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून एकच शिष्यवृत्ती वेगळी काढावी. ती गणित किंवा मूलभूत विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या एका मुलास अथवा मुलीस मिळावी. पहिल्या वर्षापासून पदव्युत्तर परीक्षेपर्यंत, पाच वर्षे, अखंड. रक्कम इतकी असावी की घरच्यांना त्या मुलाच्या कमाईची वाट पाहावी लागू नये. आणि तिच्या अर्जातून तो एक रकाना काढून टाकावा. दर वर्षी गुणपत्रिका जरूर मागावी. अभ्यास कसून झाला पाहिजे, यात सवलत नको. पण फळ कोणते आणि केव्हा, हे आधी विचारू नये.

ही शिष्यवृत्ती घेणारा पुढे नामांकित होईलच असे आम्ही म्हणत नाही. कदाचित तो एखाद्या गावी शिक्षक होईल आणि उत्तम शिकवील. तेवढ्यानेही संस्थेचा पैसा सत्कारणी लागला असे आम्ही मानू. मंडळींनी या सूचनेचा विचार वार्षिक सभेत करावा. आमच्या परीने जो अल्प वाटा उचलता येईल, तो आम्ही चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत.